घामाचा जमाखर्च

नागपूर-अकोल्याकडील पाहुणा वैशाखांत गिरगांवांतील नातेवाइकांकडे उतरला, म्हणजे पहिल्याच दुपारीं त्याला एक कोडें पडतें. गांवीं ४४ अंशांवर गेलेला पारा मागें टाकून तो आलेला असतो. मुंबईचा उष्णमापक ३३-३४ अंशांपलीकडे जात नाहीं. तरीहि सदरा पाठीस चिकटतो, डोकें जड होतें आणि चाळीचा जिना चढतांना जीव कासावीस होतो. पारा दहा अंशांनीं खालीं असून शरीर अधिक त्रासतें, हें कसें? मुंबईकरानें उन्हाळ्यांत प्रकृति कशी सांभाळावी, याचें मर्म या कोड्याच्या उत्तरांतच सांठलेलें आहे.

माणसाच्या शरीराचें आंतील उष्णमान ३७ अंशांच्या आसपास राहिलें पाहिजे. अन्नाच्या पचनानें व स्नायूंच्या हालचालींनीं शरीरांत सतत उष्णता उत्पन्न होत असते, आणि ती बाहेर टाकल्यावांचून गत्यंतर नसतें. सभोंवारची हवा त्वचेहून थंड असेल, तर ती आपोआप निघून जाते. हवा त्वचेइतकी तापली, म्हणजे घाम हाच एक मार्ग उरतो. लिटरभर घाम वाळला, तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. एवढी उष्णता आंतच कोंडली गेली, तर ६० किलो वजनाच्या माणसाचें उष्णमान दहा अंशांहून अधिक वाढेल. मात्र येथें एक अट आहे. थंडावा मिळतो तो घाम येण्यानें नव्हे, तर घाम वाळण्यानें. कपाळावरून निथळून जमिनीवर पडलेला थेंब म्हणजे निव्वळ खर्च. त्याची जमा कांहींच नाहीं.

विदर्भाची हवा कोरडी असल्यामुळें तेथें घाम येतां येतांच उडून जातो. मुंबईची हवा समुद्राच्या बाष्पानें आधींच भारलेली. ती घाम लवकर शोषून घेत नाहीं. इंग्लंडमध्यें जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञांनीं १९०५ सालीं खाणींतील उष्ण हवेचा अभ्यास प्रसिद्ध करून हेंच दाखवून दिलें, कीं माणसाची सहनशक्ति साध्या उष्णमापकावरून ठरत नाहीं. ज्याच्या टोकास ओलें फडकें गुंडाळलें आहे, अशा उष्णमापकावरून ती ठरते. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांस हें ज्ञान पुस्तकावांचून झालेलें होतें. सूत कोरडें पडून तुटूं नये, म्हणून गिरण्यांच्या साळखात्यांत हवा मुद्दाम दमट राखीत. सुतास मानवणारी ती हवा मागावरच्या माणसास घामानें भिजवून टाकी. १९८२ च्या संपानंतर यथावकाश बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले; शहराचा दमट उकाडा मात्र आहे तसाच आहे.

या उकाड्याचीं रूपें दोन. मार्च-एप्रिलमध्यें कधीं कधीं पूर्वेकडील जमिनीवरचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपारीं उशिरानें सुटतो आणि पारा एकाएकीं चढतो. सांताक्रूझ येथें १९५२ सालच्या एप्रिलमध्यें तो ४२.२ अंशांपर्यंत गेला होता. अशा वेळीं विशेष भय असतें, कारण शरीरास उष्णतेची संवय झालेली नसते. ती होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटूं लागतो व त्यांतून मीठहि कमी जातें. मे महिन्यांतील रूप निराळें. पारा बेताचाच, पण हवा जड. दिवसभर तापलेल्या काँक्रीटच्या भिंती रात्रींहि उष्णता सोडीत राहतात, आणि झोंपेंतहि शरीरास विसांवा मिळत नाहीं.

नेमक्या याच दिवसांत लालबागच्या मिरची गल्लींत वर्षाचा मसाला करण्याची घाई असते. गृहिणी मिरच्या निवडून देतात, कोणी तापल्या कढईपाशीं खडा मसाला भाजीत बसतो, कोणी डंकावर कुटीत असतो. भट्टीची आंच, श्रमानें उत्पन्न झालेली उष्णता आणि दमट हवा यांच्या कात्रींत सांपडलेल्या माणसास तासाला लिटरभर घाम सहज येऊं शकतो. दादर स्टेशनाबाहेर फुलांच्या पाट्या वाहणाऱ्या हमालाची स्थिति निराळी नसते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटलें, म्हणजे ६० किलोच्या माणसाचें सव्वा लिटर गेलें, तरी काम मंदावतें, डोकें दुखूं लागतें. घामाबरोबर मीठहि जातें. म्हणून तासन् तास घाम गाळणाऱ्यानें केवळ सांध्या पाण्याचे तांबेच्या तांबे रिचविले, तर रक्तांतील मीठ विरळ होऊन उलट अपाय होण्याचा संभव असतो.

यावरचे उपाय मराठी घरांत पूर्वापार आहेत. कैरीच्या पन्ह्यांत मीठ व गूळ दोन्ही असतात. कोकमाचें सरबत आणि चिमूटभर मीठ घातलेलें ताक हींहि त्याच जातीचीं. आंतड्यांत साखर व मीठ एकत्र असलीं, तर पाणी अधिक त्वरेनें शोषलें जातें, हें तत्त्व शास्त्रानें पुढें सिद्ध केलें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची सांथ पसरली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं अशाच द्रावणानें असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. औषधाच्या दुकानांतील पुडी मिळाली नाहीं, तर लिटरभर शुद्ध पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. चमचा चहाचा घ्यावा, आणि मिठाचें प्रमाण वाढवूं नये. घरांत बसणाऱ्यास रोजच्या जेवणांतील मीठ पुरेसें असतें. मूत्रपिंड, हृदय वा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनीं मीठ, पाणी व शहाळें यांचें प्रमाण, आणि मधुमेह्यांनीं साखरेचें प्रमाण, डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. लघवीचा रंग गडद दिसूं लागला, तर पाणी कमी पडत आहे असें समजावें. खिशांत कांदा बाळगण्याची चाल जुनी असली, तरी त्यानें शरीर थंड होत नाहीं.

जमाखर्च बिघडूं लागला, कीं प्रथम ग्लानि येते. दरदरून घाम, गार व चिकट त्वचा, भोंवळ, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आणि जलद पण क्षीण नाडी हीं तिचीं लक्षणें. अशा माणसास सावलींत निजवावें, कपडे सैल करावे, पाय किंचित् उंच ठेवावे, अंग ओलें करून पंखा घालावा व घोट घोट द्रावण द्यावें. बहुधा अर्ध्या-पाऊण तासांत तो सांवरतो. तो बरळूं लागला, त्यास दिशाभूल झाली, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र ती ग्लानि नसून उष्माघात होय. आंतील उष्णमान ४० अंशांवर गेलेलें असतें. त्वचा कोरडी असेल किंवा ओलीहि असेल, त्यावर विसंबूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत अंगावर सारखें पाणी ओतावें, वारा घालावा, मान, कांखा व जांघांत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. तापाच्या गोळ्यांचाहि येथें उपयोग नाहीं. परळला मोठीं रुग्णालयें जवळ आहेत हें खरें, पण पहिला अर्धा तास शेजाऱ्यांच्या हातीं असतो.

पारा फारसा चढला नाहीं म्हणून निश्चिंत राहणें किती महाग पडतें, हें १६ एप्रिल २०२३ रोजीं दिसून आलें. नवी मुंबईंत खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार-समारंभासाठीं लाखों लोक कित्येक तास उन्हांत बसले होते. उष्णमान ३८ अंशांच्या आसपास होतें. विदर्भांत त्यास कोणी विशेष मानलें नसतें. त्या दिवशींच्या उष्माघातानें चौदा माणसें दगावलीं.

भात बाजारांतील केशवजी नाईक यांचें १८७६ सालचें कारंजें व शहरांतील इतर जुन्या दगडी पाणपोया, वाटसरू तहानेला असेल हें मनांत धरूनच बांधल्या गेल्या. तहानेची जाणीव म्हातारपणीं मंदावते. म्हणून वरच्या मजल्यावर, तापल्या पत्र्याखालीं एकट्या राहणाऱ्या आजी आपण होऊन पाणी मागतीलच असें नाहीं. भर दुपारीं तीन वाजतां त्यांचें दार ठोठवावें, पन्ह्याचा पेला हातीं द्यावा आणि तो संपेपर्यंत चार शब्द बोलत उभें राहावें. बोलणें नेहमीसारखें नीट आहे कीं तोल सुटलेला आहे, हेंहि त्याच वेळीं कळतें.