पांझरेखालची नळी आणि एफ फाइव्हचं बटण

1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांकडे खानदेशातलं एक काम आलं. पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणारी सायफनची नळी बांधायची होती. जागा साक्री तालुक्यातली दातर्ती. फड सिंचनाच्या बंधाऱ्यांचा हा मुलूख. इथल्या शेतकऱ्याला पाट नवा नव्हता, नदीच्या तळाखालून जाणारं पाणी मात्र नवलाचं असणार.

अशा नळीचा नुसता प्लॅन काढला तर हाती काय येतं? प्रवाहाला आडवी एक सरळ रेघ. नळी खाली बुडते आणि पलीकडे वर येते, हे कळतं ते लांबीवरच्या सेक्शनमध्ये. एका दिशेने पाहून वस्तू पुरती सापडत नाही, ही ऑर्थोग्राफिक ड्रॉइंगमागची साधी गोष्ट. गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं शास्त्र बांधलं. केंब्रिजच्या विल्यम फॅरिशची अडचण वेगळीच होती. व्याख्यानात दाखवायची यंत्रं तो सुट्या भागांतून जोडायचा आणि ती जुळणी मदतनिसांना समजावून द्यावी लागे. त्यासाठी 1822 मध्ये त्याने तिन्ही दिशा एकाच चित्रात दाखवणारी आयसोमेट्रिक पद्धत मांडली.

आयसोमेट्रिक चित्र पाहताक्षणी पटतं, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. समजा, नळीची उतरती बाजू 3 मीटर आडवी जाताना 4 मीटर खाली उतरते, म्हणजे खरी लांबी 5 मीटर. चढती बाजूही तेवढीच. हीच नळी 30 अंशांच्या अक्षावर, अक्षांची मापं पूर्ण धरून काढा: एक बाजू 6.08 मीटर भरते, दुसरी 3.61! चित्र चुकलेलं नाही. अक्षांना समांतर रेघा तेवढ्या मापाच्या असतात, तिरक्या नसतात. या चित्रावर पट्टी ठेवून पाइप कापणारा माणूस कपाळाला हात लावेल.

1982 मध्ये ऑटोकॅड हे संगणकावर आरेखन करायचं सॉफ्टवेअर आलं. त्यात असं चित्र काढायला आयसोमेट्रिक स्नॅप चालू करायचा, एफ फाइव्ह दाबत डावं, वरचं, उजवं प्रतल बदलायचं, वर्तुळाच्या जागी आयसोसर्कल घ्यायचं. पण हे सगळं सपाट कागदावरचंच काम. चित्र फिरवून मागची बाजू पाहू म्हटलं तर मागे काहीच नसतं. खरं थ्रीडी मॉडेल केलं, तर व्ह्यूबेस या कमांडने फ्रंट, टॉप, साइड आणि आयसोमेट्रिक एकाच मॉडेलमधून निघतात. मॉडेल बदललं की तेही बदलतात.

ठिबक उद्योजक भवरलाल जैन यांच्या जळगावात, पाइप आणि ठिबकच्या गावात, हे उगाच पुस्तकी नाही. गिऱ्हाइकाला जोडणी दाखवायला आयसोमेट्रिक हवंच. साचा करणाऱ्याला मात्र छेद आणि मापं द्यावीत. शिवाय आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल, त्यात टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली येतो. अमेरिकी थर्ड अँगलमध्ये वर. साइड व्ह्यूंच्या जागाही उलटतात. सॉफ्टवेअरची सेटिंग न पाहता शीट छापलं आणि वाचणाऱ्याने आपल्या सवयीने वाचलं, तर डाव्या हाताची फिटिंग उजवी होऊन येते. टायटल ब्लॉकमधलं शंकूचं छोटं चिन्ह त्यासाठीच असतं. शीट हातात आलं की आधी तेच बघावं.