फोर-व्हील गाडी चिखलात का फसते, आणि तिची पकड कशी वाढवावी



गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा परतीच्या पावसाची ओल अजून रानात असते. पाणंदी चिखलाने भरलेल्या असतात आणि कामाची घाई नेमकी त्याच वेळी. बेणे पोचवायचे, डिझेल न्यायचे, तोडणी कामगारांच्या तळावर पाणी न् किराणा द्यायचा, एखाद्या रात्री कोपीतल्या आजारी लेकराला दवाखान्यात हलवायचे. या कामाला काही सभासदांकडे जुनी फोर-व्हील पिकअप किंवा जीप असते. "फोर-व्हील आहे, कुठंही जाईल" या भरवशावर ती चिखलात घातली जाते आणि मग ट्रॅक्टर बोलवायची वेळ येते.

यात गाडीचा दोष थोडा आणि आपल्या समजुतीचा जास्त. ताकद इंजिनात असते हे खरे, पण पकड असते ती टायर जमिनीला टेकतो तेवढ्याच जागेत. म्हणून गाडीवर पैसा खर्चायचा तर जमिनीकडून वर यावे. आधी टायर, मग हब, पाटे, चालवण्याची रीत आणि सगळ्यात शेवटी डिफरन्शियलचे लॉक. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि पैसे घालवून पुन्हा तिथेच रुततात.

चार चाके ओढतात का?

फोर-व्हीलचा दांडा टाकला की ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना जाते. पण प्रत्येक एक्सलमध्ये डिफरन्शियल आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. मात्र ओढ दोघांना सारखीच वाटते. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की त्याला ओढ अगदी कमी लागते, आणि तेवढीच कमी ओढ कोरड्यावरच्या चाकालाही मिळते.

बैलांच्या जुवाचा दाखला घ्या. जू मधोमध एका खिळीवर फिरते असे समजा. एका बैलाने अंग काढले की जू तिरके होते आणि दुसऱ्या बैलाचा जोर वाया जातो. डिफरन्शियलचे तसेच आहे. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की चार चाकांची गाडी जागेवर उभी राहते. बांध तिरका ओलांडताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके हलकी होतात, तेव्हा नेमके हेच घडते.

आधी हब तपासा

पुष्कळ जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब असतात. ते 'फ्री'वर राहिले तर दांडा टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत. वर्षानुवर्षे न फिरवलेला हब आतून गंजलेला किंवा चिखलाने अडकलेला असतो.

तपासणी सोपी आहे. सपाट जागी इंजिन बंद करून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. दांडा टू-व्हीलवर ठेवून दोन्ही हब 'लॉक' करावेत. पुढचे एक चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम घोडा देऊन, हाताने फिरवावे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट त्याबरोबर फिरला पाहिजे. नाही फिरला तर दोहोंपैकी एका बाजूचा हब काम करत नाही. हब उघडून, धुऊन, हलके ग्रीस देऊन बसवायला फारसा खर्च येत नाही. हे काम हंगामाआधीच करून घ्यावे.

आणखी एक. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळलात तर शाफ्टला पीळ बसतो, क्रॉस आणि ट्रान्स्फर केसचे गिअर खराब होतात. फोर-व्हील फक्त मातीत, चिखलात, खडीवर.

टायर आणि हवा

टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर पुढचे सगळे उपाय फुकट आहेत. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. ती ओली झाली की नक्षीच्या खाचा भरून टाकते आणि टायर साबणासारखा गुळगुळीत होतो. म्हणून चिखलासाठी खोल आणि एकमेकींपासून दूर असलेल्या खाचांचा टायर घ्यावा, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते.

रुंद टायर नेहमी चांगला असे मात्र नाही. वर चार बोटे चिखल आणि खाली कठीण मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा टायर ६.००-१६ मापाचा, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद होता आणि तरी ती गाडी युरोपच्या चिखलातून चालली. खाली तळच लागत नसेल अशा भुसभुशीत रानात मात्र पसरट टेकण उपयोगी पडते.

ती टेकण फुकटात मिळते, हवा कमी करून. रस्त्यावर ३२ पौंड हवा असेल तर मऊ जमिनीत २० ते २२ पौंडांवर आणावी. टायर लांबट टेकतो आणि कमी रुततो. पण नियम पाळावेत. भरलेल्या गाडीची हवा कमी करू नये. ट्यूबचा टायर असेल तर याहून खाली जाऊ नये, रिंगवर टायर सरकून ट्यूबची वॉल्व उपटते. वेग ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवावा. आणि डांबरीवर येण्याआधी हवा परत भरावी, नाहीतर टायरची बाजू तापून फुटते. म्हणून गाडीत पंप आणि हवेचा मीटर असलाच पाहिजे.

वजन आणि पाटे

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. वरून निसरड्या, पण आतून घट्ट रस्त्यावर हौद्यात वाळूची तीन-चार पोती टाकली तर मागची चाके धरतात. पोती एक्सलच्या वर ठेवून बांधावीत, फाळक्याला टेकवून नव्हे. खोल चिखलात मात्र वजनाने गाडी आणखी बसते, तिथे हौदा रिकामाच बरा. वजनासाठी माणसांना मागच्या बंपरवर उभे करायची पद्धत सोडून द्यावी. चाकाने धरताच गाडी झेप घेते आणि माणूस खाली पडतो.

जास्त माल भरता यावा म्हणून पुष्कळ गाड्यांना जादा पाटे टाकलेले असतात. त्यामुळे मागचा भाग ताठ होतो, बांधावर चाक खाली लोंबत नाही, उचलले जाते. आणि अधांतरी चाक म्हणजे वर सांगितलेला अंग काढलेला बैल. गाडी मुख्यतः रानात वापरायची असेल तर जादा पाटे काढावेत, राहिलेल्यांची साफसफाई करावी, बसलेले शॉकअप बदलावेत.

चालवण्याची रीत

चिखल दिसला की आत शिरण्याआधी फोर-व्हील लावावी, रुतल्यावर नव्हे. लो गिअरमध्ये ओढ साधारण अडीच पट होते आणि गाडी संथ चालते. पण लो मध्ये पहिल्यावर जोर जास्त होऊन चाक घसरते, म्हणून निसरड्यात दुसऱ्या गिअरवर निघावे. क्लच पूर्ण सोडावा, रेस एकसारखी ठेवावी, मधेच गिअर बदलू नये.

चाक जागेवर फिरले की पाय काढावा. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी चार बोटे रुतते, पुढच्या वीस फेऱ्यांत हाऊसिंग जमिनीला टेकते. त्याआधी थांबलात तर आल्या वाटेने मागे घेता येते. एक चाक मोकळे फिरत असेल तर रेस देत ब्रेक हलकेच दाबून पाहावा. मोकळ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्याला थोडी ओढ मिळते. हे काही क्षणच करावे.

चाकाखाली पाचट घालणे हा आपला हमखास उपाय. तो चांगला आहे, पण चाकापुढची माती उकरून मगच घालावे, आणि गाडी निघाल्यावर खाली वाकून बघावे. तापलेल्या सायलेन्सरला वाळके पाचट चिकटून राहिले तर पेट घेते, आणि शेजारी उभा ऊस असतो.

डिफरन्शियल लॉक कधी?

एवढे करूनही रोजचे काम अडत असेल तर लॉकचा विचार करावा. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो, तो दाबला की दोन्ही चाके एकजीव फिरतात. तीच सोय पिकअपच्या मागच्या एक्सलला करता येते. २०१५ साली महिंद्राने थार जीपच्या मागच्या एक्सलला आपोआप लागणारे लॉक दिले, ते याच कारणासाठी. लॉक लावून वळू नये, गाडी सरळ जाते आणि एक्सलवर ताण येतो. जुन्या गाडीत आधी एक्सल आणि बेअरिंग तपासून घ्यावेत. मोठे टायर किंवा इतर फेरबदल करताना मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ ध्यानात ठेवावे आणि आर.टी.ओ. कार्यालयात विचारूनच हात घालावा.

टोचन लावताना

शेवटी ट्रॅक्टर आलाच तर सगळ्यात जास्त धोका इथे आहे. टोचन ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावे. एक्सलच्या वर किंवा टॉप लिंकला साखळी बांधून ओढले की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो चालकावर उलटा पडतो. सावरायला वेळही मिळत नाही. पिकअपला साखळी चासीच्या हुकात लावावी, बंपरला किंवा पाट्याला नको. झटका न देता सावकाश ताण द्यावा. तारेवर ओले पोते टाकावे आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीवर उभे करावे. तुटलेली तार माणसाचा पाय तोडते.

आणि एक गोष्ट शेतकरी म्हणून. वाफसा नसताना गाडी सरीत घालूच नये. जमीन दाबली जाते, खोडव्याची बुडखे मोडतात आणि ते नुकसान वजनकाट्यावर दिसते. पाणंदीच्या कडेला गाडी लावून चार पोती डोक्यावर नेणे कधी कधी स्वस्त पडते.

हब फिरवणे, टायर बघणे, हवेचा मीटर घेणे ही कामे मोळी पडण्याआधीच्या आठवड्यात उरकावीत. रात्री तळावरून निरोप आला तर गाडी निघाली पाहिजे, आणि गेलेली माणसे धड घरी आली पाहिजेत.