गौरी देशपांडे : दोन पुस्तकांच्या मधली वर्षं

गौरी देशपांडे म्हटलं की बहुतेक मराठी वाचक 1980 सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी 'एकेक पान गळावया' आलं. 'कारावासातून पत्रे', 'मध्य लटपटीत' आणि पुस्तकाला नाव देणारी कथा अशा तीन दीर्घकथा त्यात होत्या. सुशिक्षित, मनस्वी बाई आणि तिचं घर, नवरा, मुलं, मित्र यांच्याबद्दल मराठीत लिहिलं जात नव्हतं असं नाही. पण एवढ्या मोकळ्या, विचार करता करता मध्येच थबकणाऱ्या आणि कुणाकडेही दाद न मागणाऱ्या आवाजात ते फारसं आलं नव्हतं. लेखिका तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि वाचकांसमोर आली ती पूर्ण तयार होऊनच.

ही तयारी कुठे झाली, याचा शोध घ्यायचा तर आधीच्या बारा वर्षांकडे वळावं लागतं.

1968 मध्ये त्यांचा पहिला इंग्रजी कवितासंग्रह 'बिटवीन बर्थ्‌स' कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपने काढला. 1970 मध्ये 'लॉस्ट लव्ह' आणि 1972 मध्ये 'बियाँड द स्लॉटरहाउस' आला. पाचेक वर्षांत तीन संग्रह म्हणजे जोरदार सुरुवात होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींमध्ये त्यांचं नाव झालं. अशा वेळी चौथ्या आणि पाचव्या संग्रहाची वाट सरळ असते. देशपांडे त्या वाटेने गेल्या नाहीत.

1974 मध्ये त्यांच्या नावावर दोन पुस्तकं दिसतात आणि दोन्हींतला मजकूर इतरांचा आहे. एक म्हणजे भारतीय इंग्रजी कवितेचं त्यांनी केलेलं संपादन. दुसरं म्हणजे जयवंत दळवींच्या 'चक्र'चा इंग्रजी अनुवाद. मुंबईच्या झोपडपट्टीतली ती माणसं, त्यांच्या शिव्या, त्यांची भूक हे सगळं इंग्रजीत न्यायचं म्हणजे पुण्यातल्या कर्व्यांच्या, म्हणजे त्यांच्या माहेरच्या घरातल्या भाषेपासून शक्य तितकं लांब जाणं होतं. कवितेत ज्या 'मी'चा आवाज सतत ऐकू येत होता, त्याला इथे जागाच नव्हती.

मग आलं त्यांचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी चर्चिलं गेलेलं काम. रिचर्ड बर्टनच्या 'अरेबियन नाइट्स'चा त्यांचा मराठी अनुवाद 1976-77 मध्ये सोळा खंडांत प्रसिद्ध झाला. मराठीला या गोष्टी नव्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या मराठीत आणायला घेतल्या होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या वाचल्या. पण कृष्णशास्त्री 1878 मध्ये गेले आणि बर्टनची आवृत्ती 1885 पासून निघाली. अश्लीलतेच्या खटल्याची धास्ती असल्यामुळे त्याने ती वर्गणीदारांपुरती खाजगी छापली होती. तरुणपणी मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल होऊन मराठीची परीक्षा दिलेला हा माणूस चाळिशी-पन्नाशी ओलांडून गेल्यावरही सवयीने शब्द घडवायचा, जुने उकरून काढायचा आणि टिपांमध्ये जगभरच्या चालीरीती ओतायचा. मध्येच पद्य, मध्येच यमकं जुळवलेलं गद्य, शिवाय शरीराबद्दल बिनदिक्कत बोलणं असा सगळा ऐवज मराठीत उतरवायचा होता.

शरीराबद्दल न लाजता बोलणं त्यांच्या घराला परकं नव्हतं. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांचे काका. 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षं त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. त्या घरातल्या पुतणीने बर्टन हाती घ्यावा, हे सहज पटतं.

या सोळा खंडांकडे पोटापाण्याचं काम म्हणून पाहणं मात्र अन्यायाचं आहे. हजार रात्री एक बाई बोलत राहते. एका गोष्टीच्या पोटातून दुसरी निघते, ऐन रंगात पहाट होते आणि सांगणं थांबतं. हजारो पानं हा श्वास मराठीत धरून ठेवल्यावर लिहिणाऱ्याचा हात पूर्वीसारखा राहत नाही. देशपांड्यांच्या दीर्घकथेत आठवण आठवणीला फोडत जाते, वाक्य वळसे घेत पुढे सरकतं, आणि सांगणारी बाई सांगण्याच्याच बळावर तगून असते. कवितेच्या तीन संग्रहांतून हे आलं असतं असं वाटत नाही. पुरावा म्हणून दाखवता येईल असं पत्र किंवा नोंद इथे पुढे करता येणार नाही. पण 1977 आणि 1980 ही सालं शेजारी ठेवून दोन्हींतलं गद्य वाचावं.

पुढचं दशक भरभरून गेलं. 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' 1985 मध्ये, 'आहे हे असं आहे' 1986 मध्ये, 'निरगाठी आणि चंद्रिके ग, सारिके ग' 1987 मध्ये, 'दुस्तर हा घाट आणि थांग' 1989 मध्ये आणि 'मुक्काम' 1992 मध्ये. दीर्घकथा की लघुकादंबरी, असा वाद घालायला या पुस्तकांनी समीक्षकांना भरपूर खाद्य पुरवलं. देशपांड्यांना ती लांबी मानवली होती, एवढं खरं.

आणि मानवलेलं सोडून त्या पुन्हा बाजूला झाल्या. 'मुक्काम' आणि 'गोफ' यांच्यामध्ये सात वर्षं आहेत. या काळात 1995 मध्ये त्यांनी सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी'चा इंग्रजी अनुवाद केला. इथेही घराण्याचा धागा सापडतो. वडील दिनकर धोंडो कर्वे यांनी मराठी आत्मचरित्रांतले भाग निवडून इंग्रजीत आणले होते आणि 'द न्यू ब्राह्मन्स' हे ते पुस्तक 1963 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं होतं. आई इरावती कर्वे यांनी 'युगान्त' मराठीत लिहिलं आणि इंग्रजीतही स्वतःच नेलं. बहीण जाई निंबकर कादंबऱ्या इंग्रजीत लिहीत होत्या. दोन भाषांमध्ये ये-जा करणं ही या घरातली रोजचीच गोष्ट होती.

1996 मध्ये आलेलं 'विंचुर्णीचे धडे' तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. फलटणजवळच्या विंचुर्णी गावातलं राहणं, तिथली माणसं, जनावरं, झाडं, पाणी यांच्याबद्दलचं हे लिहिणं आहे. नायिकेचा पडदा त्यात नाही. 1997 मध्ये 'द लॅकडेझिकल स्वीपर' हा इंग्रजी कथांचा संग्रह निघाला. पहिल्या भाषेकडे त्या परतल्या, पण कविता घेऊन नाही.

1999 मध्ये 'गोफ' आणि 2002 मध्ये 'उत्खनन' आलं. 1 मार्च 2003 रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज त्यांची कथात्म पुस्तकं वाचली जातात, त्यांवर प्रबंध होतात, त्यांच्या नायिकांवर भांडणंही होतात. इंग्रजी कवितांचे तीन संग्रह मात्र जुन्या ग्रंथालयांत शोधावे लागतात. सोळा खंडांमधल्या मराठी गद्याचा अभ्यास कथांच्या अभ्यासाच्या मानाने फारच तोकडा आहे. 1968 ते 1980 या काळातल्या कविता आणि अनुवादांतले निवडक भाग एकत्र करून एक नीट संपादित पुस्तक कुणीतरी काढायला हवं, म्हणजे 'एकेक पान गळावया' वाचणाऱ्याला त्याच्या आधीची पानंही हाताशी मिळतील.