एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

बेळगावात शहापूर, खासबाग, वडगाव हा मागवाल्यांचा भाग. यंत्रमागावर एका इंचात बाण्याचे किती धागे बसायचे, हे कापड ओढून घेणाऱ्या बाजूचं एक दातेरी चाक ठरवतं. चाक बदललं की कापडाची वीण बदलते. हे ज्याला उमगलं, त्याला जुना लेथ निम्मा कळलाच; तिथेही चाकं बदलूनच आट्यांचं माप ठरतं.

बेळगावचं यंत्रांशी नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते इथेच. १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना निघाला तो १९४१ साली.

जुन्या लेथच्या हेडस्टॉकमध्ये आधी बॅकगिअर बघावा. बुलगिअरची, म्हणजे स्पिंडलवरच्या मोठ्या चाकाची, पिन काढली की पायऱ्यांची पुली स्पिंडलपासून सुटते आणि जोर मागच्या शाफ्टवरून फिरून येतो. पुलीवरच्या लहान चाकाने मागचं मोठं चाक फिरतं, मागच्या लहान चाकाने बुलगिअर. दोन्ही जोड्यांत एकास तीन प्रमाण असेल, तर फेरे नवव्या हिश्श्यावर येतात आणि जोर त्याच मानाने वाढतो. पिन तशीच ठेवून बॅकगिअर टाकला तर स्पिंडल जाम होतो. हे चालत्या मशीनवर केलं तर दाते जातात.

खरी गंमत डाव्या टोकाच्या चेंज गिअरांत आहे. टूल सरकवणाऱ्या लीडस्क्रूला इंचात ४ आटे असले आणि जॉबवर ८ पाडायचे असले, तर लीडस्क्रूच्या एका फेऱ्यात जॉबचे दोन फेरे व्हायला हवेत. म्हणून स्पिंडलकडे २० दाते, लीडस्क्रूवर ४०. मधलं जोडचाक कितीही दात्यांचं असो, ते फक्त दिशा बदलतं. चाकं जुळवताना दात्यांत कागदाची पट्टी धरून आवळायची आणि मग पट्टी काढून घ्यायची; तेवढी फट पुरते.

१ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक मापं लागू होऊ लागली, पण लेथच्या पोटातला लीडस्क्रू इंचाचाच राहिला. मग मिलिमीटरचे आटे कसे पाडायचे? इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ही संख्या मूळ आहे, तिला लहान चाकांत फोडता येत नाही. म्हणून १२७ दात्यांचं मोठं चाक. चालवणारं ४० दात्यांचं आणि लीडस्क्रूवर १२७ चं लावलं, की चार आट्यांच्या त्याच लीडस्क्रूवर बरोबर २ मिलिमीटर पिचचा आटा पडतो. मात्र टूलची गाडी लीडस्क्रूला जोडणारा हाफनट उघडायचा नाही. टूल मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवून सुरुवातीला आणायचं. एकदा उघडला, की पुढचा कट जुन्या खाचेत सहसा बसत नाही.

मला हे चाक आपल्या कारखानदारीतली फार मोलाची वस्तू वाटते. दोन मापांमधला हिशेब त्यात लोखंडात कापून ठेवलेला आहे, आणि तो चुकत नाही.

जुना लेथ विकत घेत असाल, तर रंग आणि पाट्या नंतर बघा. आधी चेंज गिअरांची पेटी मागा, दाते मोजा. १२७ चं चाक मिळालं, तर ते भंगारात जाऊ देऊ नका.