कचेरी, घर आणि मधले अंतर

शासनाची नवी इमारत उभी राहायची असली की चर्चा होते ती मजल्यांची, चटईक्षेत्राची आणि कोटींच्या खर्चाची. त्या इमारतीचे दार सकाळी सर्वांत आधी उघडणारा माणूस कुठून येतो, किती वाजता उठतो आणि रात्री किती वाजता घरी पोचतो, हा प्रश्न आराखड्यात कुठेच नसतो. मुंबईत मंत्रालय व त्याच्या परिसराच्या पुनर्विकासाचा विचार गेली काही वर्षे चालू आहे. नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची इमारत 1,601 कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2023 साली घेतला. अशा वेळी हा विषय वास्तुशास्त्रज्ञांवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. राखीव जागांच्या आधाराने आपल्या समाजातली पहिली पिढी सरकारी नोकरीत आली. ती पिढी कचेरीत जाऊन पोचते कशी, हाही आपल्याच चळवळीचा प्रश्न आहे.

थोडा इतिहास पाहू.

फोर्टातले जुने सचिवालय 1874 साली पूर्ण झाले. आजचे मंत्रालय 1955 सालचे. 1975 पर्यंत त्याला सचिवालय म्हणत. या दोन इमारतींच्या मधल्या काळात मुंबई सरकारने 1920 साली एक विकास खाते काढले. या खात्याकडे दोन मोठी कामे होती. पहिले, बॅकबेचा समुद्र बुजवून श्रीमंतांच्या व कचेऱ्यांच्या उपयोगी जमीन तयार करणे. दुसरे, कामगारांसाठी चाळी बांधणे. पहिल्या कामात पैशांची उधळपट्टी झाली. ती चव्हाट्यावर आणणारे वीर नरिमन यांचेच नाव पुढे त्या भागाला मिळाले. दुसऱ्या कामातून वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. एकेका चाळीत 80 खोल्या, एकेक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे व शासनाचे खालच्या दर्जाचे नोकर आणि मोठ्या संख्येने दलित कुटुंबे या खोल्यांत राहिली. कचेरीची जमीन आणि नोकराची खोली एकाच खात्याने, एकाच काळात आखली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या खोल्या कोंदट होत्या, शौचालये सामाईक होती. पण त्या कामाच्या जागेपासून फार दूर नव्हत्या. नोकराला राहायला जागा देणे हे शासनाचे काम आहे, एवढे तरी परक्या सरकारने मानले होते.

स्वातंत्र्यानंतर दुसरी संधी आली. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्या कल्पनेचा गाभा असा होता की राज्य सरकारने आपल्या कचेऱ्या तिकडे हलवाव्यात; म्हणजे त्यांच्यामागून इतर व्यवसाय जातील आणि बेटाच्या दक्षिण टोकावरचा भार कमी होईल. 1970 साली सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई झाली. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले, पण मंत्रालय हलले नाही. उलट त्याच सुमारास नरिमन पॉइंटला भराव घालून उंच उंच इमारती बांधल्या गेल्या. खाडीवरचा पूल 1973 साली झाला. मानखुर्द-वाशी रेल्वे यायला 1992 साल उजाडले. म्हणजे माणसे आधी पलीकडे गेली, गाडी मागाहून आली आणि कचेरी आलीच नाही. कचेऱ्या दक्षिणेला आणि घरे उत्तरेला व पूर्वेला, ही मुंबईची रचना निसर्गाने केलेली नाही. ती ठराविक निर्णयांतून तयार झाली आहे.

आता या रचनेची किंमत कोण देतो ते पाहू.

राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. त्या आदेशात कार्यालयाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी ठरली. शिपायांसाठी मात्र ती 9.30 ते 6.30 अशी आहे. साहेबांच्या आधी यायचे आणि साहेबांच्या नंतर जायचे, हा जुना रिवाज आदेशात अर्ध्या तासाच्या रूपाने लिहिला गेला. अर्धा तास दिसायला थोडा आहे. पण तो कोणाच्या वाट्याला येतो ते पाहावे लागेल. मंत्र्यांचे बंगले मंत्रालयासमोर व मलबार हिलवर आहेत. वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांची निवासस्थाने चर्चगेटच्या आसपास आहेत. शिपाई, हमाल, सफाई कामगार यांना परवडणारे घर अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, विरार, नालासोपारा येथे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर 68 किलोमीटर, कर्जत 100 किलोमीटर; चर्चगेटपासून विरार 60 किलोमीटर.

बदलापूरच्या एका शिपायाचा हिशेब मांडू. घरापासून स्टेशन आणि गाडीची वाट, वीस-पंचवीस मिनिटे. गाडीत सुमारे दीड तास. टर्मिनसवर उतरून बसने वा पायी मंत्रालय, वीस-पंचवीस मिनिटे. एका बाजूचे सव्वादोन तास, दोन्ही बाजूंचे साडेचार. महिन्याचे 22 दिवस धरले तर 99 तास. त्याच्या कामाचा दिवस 9 तासांचा आहे. म्हणजे 22 दिवस काम करण्यासाठी तो आणखी 11 दिवस रेल्वेला देतो. या 11 दिवसांची नोंद हजेरीपुस्तकात नाही आणि त्यांचे वेतनही नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती झाली. कामाच्या तासांना मर्यादा घालण्यामागचा विचार सरळ आहे. माणसाला मुलांसाठी, वाचनासाठी, सभेसाठी, संघटनेसाठी वेळ उरला पाहिजे. त्याशिवाय तो नागरिक होत नाही. कचेरीच्या दारात मिळालेले हे तास आज रेल्वेच्या डब्यात परत काढून घेतले जात आहेत. आपल्या वस्तीतली अभ्यासिका संध्याकाळी ओस का, बैठकीला चारच माणसे का, असे आपण विचारतो. उत्तराचा एक भाग रात्री साडेआठच्या कल्याण लोकलमध्ये उभा असतो. बायकांचा हिशेब तर याहून कठीण आहे, कारण त्यांच्या दिवसाला गाडीच्या आधी एक स्वयंपाक आणि गाडीनंतर दुसरा असतो. 1992 साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर खास बायकांची लोकल सुरू झाली, ती या गरजेपोटीच.

हा प्रवास जिवावरचाही आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मेले. मृतांत रेल्वे पोलिसांतला एक शिपाईही होता. तोही शासनाचाच नोकर होता, हे आपण नोंदवून ठेवले पाहिजे.

मग भत्ते आहेत ना, असे कोणी म्हणेल. भत्त्यांची रचनाही तपासू. केंद्र शासनाच्या 2017 सालच्या आदेशानुसार मोठ्या शहरांत वेतनस्तर 9 व त्यावरील नोकरांना दरमहा 7,200 रुपये वाहतूक भत्ता, स्तर 3 ते 8 यांना 3,600 आणि स्तर 1 व 2 यांना साधारणपणे 1,350 रुपये. त्यावर महागाई भत्ता वेगळा. राज्यातही तत्त्व हेच, वरच्या स्तराला जास्त आणि खालच्याला कमी. भत्ता अंतर मोजत नाही, दर्जा मोजतो. जो सर्वांत लांबून येतो त्याला सर्वांत कमी. घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीने मिळतो. मूळ वेतन लहान म्हणून भत्ता लहान. घरमालक मात्र भाडे टक्केवारीने घेत नाही. यातूनच माणूस एकेक स्टेशन मागे सरकत जातो.

सार्वजनिक वाहतुकीत भर पडली आहे, हे मान्य केले पाहिजे. आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यावर सुमारे 37 हजार कोटी रुपये खर्च झाले आणि विधान भवनाच्या नावाचे स्टेशनही तिच्यावर आहे. पश्चिम उपनगरांतल्या माणसाला तिचा उपयोग होईल. पण बदलापूरच्या शिपायाच्या दीड तासाला तिचा हात लागत नाही. तो टर्मिनसपर्यंत येऊन पोचल्यावर उरलेल्या दोन किलोमीटरांसाठीच ती आहे. त्याच्या जवळची वाहतूक म्हणजे बेस्टची बस. तिचे साधे किमान भाडे मे 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 रुपये झाले.

यावर खरा उपाय म्हणजे कामाच्या जवळ घर. तोही आटत चालला आहे. वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत हे तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या नोकरांचे मोठे आश्रयस्थान. तिच्यातली 30 एकरांहून अधिक जमीन उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी ठरली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची कोनशिला बसली. न्यायालयाला जागा हवी, याबद्दल वाद नाही. पण दक्षिणेतल्या संस्थेला जागा करून देण्यासाठी जी वसाहत आक्रसते ती नेहमी खालच्या श्रेणीचीच का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. उलट एक चांगले उदाहरणही आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट 2025 मध्ये 556 रहिवाशांना त्याच जागी 500 चौरस फुटांची घरे मिळाली. मूळ जागीच घर देता येते, हे यावरून सिद्ध झाले आहे.

आणखी एक गट आहे, जो या हिशेबातही नाही. शिपाई आणि सफाईची कामे आता कंत्राटावर जात आहेत. कंत्राटदाराच्या नोकरीत बिंदुनामावली नाही, निवासस्थान नाही, वाहतूक भत्ता नाही. 2023 साली बाह्य यंत्रणेमार्फत भरती करण्याचा शासननिर्णय सर्वत्र विरोध झाल्यावर त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. पण झाडू मारणारे हात अगोदरच कंत्राटी झाले होते आणि ते हात बहुतांशी कोणत्या समाजाचे आहेत, हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको.

आणि शेवटी तो माणूस, जो नोकर नाही, अर्जदार आहे. गडचिरोलीहून, धुळ्याहून रात्रभर प्रवास करून तो मंत्रालयाच्या दारात प्रवेशपत्रासाठी रांगेत उभा राहतो. 2018 साली मंत्रालयाच्या आतल्या चौकात जाळी बांधावी लागली, कारण माणसे वरून उडी मारू लागली होती. जाळी पडणाऱ्याला झेलते. त्याचा अर्ज झेलत नाही. जे काम जिल्ह्यात संपायला हवे ते मुंबईत येते, म्हणून मंत्रालयात गर्दी होते आणि गर्दी होते म्हणून मोठी इमारत लागते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी काय करावे? माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा हाताशी आहे. प्रत्येक विभागाकडे चार प्रश्न विचारावेत. श्रेणीवार नोकर किती आणि ते कुठे राहतात? श्रेणीवार निवासस्थाने किती व रिकामी किती? कंत्राटी माणसे किती? पुनर्विकासाच्या आराखड्यात चतुर्थ श्रेणीसाठी किती घरे आहेत? उत्तरे मिळाली की तक्ता करून कर्मचारी संघटनांपुढे ठेवावा. मागण्याही स्पष्ट असाव्यात: भत्ता अंतराप्रमाणे द्यावा; शिपायांचा जादा अर्धा तास रद्द करावा किंवा पाळी लावून वाटावा; कंत्राटदाराकडून मासिक पासाचे पैसे वसूल व्हावेत; आणि कचेरीसाठी जेवढी जमीन मोकळी केली जाईल, तिच्यात खालच्या श्रेणीच्या घरांचा हिस्सा आधी ठरावा.

इमारत नवी झाली तरी तिचे दार उघडायला पहाटे पाचला उठून कोणी तरी येणारच आहे. आराखड्यावर सही होण्यापूर्वी त्याचा पत्ता त्यावर लिहिला गेला पाहिजे.