उधाणाची हद्द आखताना

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ धडकलेल्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेकांचा बळी वाऱ्यापेक्षा किनारा ओलांडून आत शिरलेल्या समुद्राने घेतला. वादळी उधाण या नावाने ओळखला जाणारा पाण्याचा हा फुगवटा थोडाफार हवेचा दाब उतरल्याने येतो, कारण दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर चढतो. परंतु त्याचा मोठा वाटा वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याचा असतो, आणि उत्तर बंगालचा उपसागर उथळ असल्याने ते पाणी तेथे साचत जाते.

१९९९ सालीच हैदराबादेत स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, या फुगवट्याचे गणित अ‍ॅडसर्क या संगणकीय प्रारूपाने मांडते. त्यात समुद्र त्रिकोणांच्या जाळीत विभागला जातो व किनाऱ्यालगत हे त्रिकोण बारीक होत जातात. फुगवट्यात भरती मिळवून आलेली पातळी पुढे जीआयएसमध्ये, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीत, जमिनीच्या उंचीशी चौकटीगणिक ताडून पाहिली जाते. मात्र पातळीपेक्षा सखल असलेली प्रत्येक चौकट बुडाली असे मानल्यास बांधाआडचे कोरडे शेतही कागदावर बुडते. म्हणून समुद्राशी खाडीने वा सखल वाटेने जोडलेल्या चौकटीच निवडाव्या लागतात.

खरी अडचण उंचीच्या आकड्यांत आहे. महानदीच्या सपाट त्रिभुज प्रदेशात एका मीटरच्या चुकीने पुराची रेषा काही किलोमीटर सरकू शकते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरील रडारने घेतलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजणीत दाट झाडीच्या जागी जमिनीऐवजी बव्हंशी शेंड्यांजवळची उंची नोंदली गेली, त्यामुळे केंद्रापाड्यातील भितरकनिकासारखे खारफुटीचे पट्टे आहेत त्याहून उंच, म्हणजेच सुरक्षित दिसतात. याच जिल्ह्यात, जिथे गाव आणि समुद्र यांच्यामधली खारफुटी रुंद होती तिथे १९९९ च्या वादळात मृत्यू कमी झाले, असे २००९ मधील एका अभ्यासात आढळले. त्यामुळे नकाशा करणाऱ्याला खारफुटी उंचीतून वजा करून पाण्याच्या मार्गातील अडथळा म्हणून पुन्हा हिशेबात धरावी लागते. यातली एक पायरी चुकली तरी गाव रिकामे करण्याच्या यादीतून एखादी वस्ती सुटू शकते, किंवा एखाद्या निवाऱ्याचे जोते पाण्याच्या पातळीखाली बांधले जाऊ शकते.