अफगाण चर्च

मुंबईच्या अगदी दक्षिण टोकाला कुलाबा आहे. तेथे एक जुने चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. या चर्चचे खरे नाव सेंट जॉन चर्च. पण सगळे लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. नाव ऐकून वाटते, ते अफगाणी लोकांनी बांधले असेल. पण तसे नाही. मग हे नाव कसे पडले? आणि ही जुनी इमारत जपायची तरी कशासाठी? ते आपण पाहू या.

पूर्वी कुलाबा हे वेगळे बेट होते. मुंबई शहर तेव्हा किल्ल्याच्या आसपास वसलेले होते. 1838 साली मुंबई आणि कुलाबा जोडणारा रस्ता झाला. तरी कुलाबा शहराबाहेरचेच ठिकाण होते. तेथे फौजेची छावणी होती.

त्याच सुमारास इंग्रजांनी अफगाणिस्तानवर स्वारी केली. 1839 साली त्यांनी काबूल घेतले. आपल्या मर्जीतला राजा गादीवर बसवला. पण तेथील लोकांना ते रुचले नाही. ते उठले. 1842 च्या जानेवारीत इंग्रजांची फौज काबूल सोडून माघारी निघाली. सुमारे 4,500 शिपाई होते. बरोबर 12,000 नोकरचाकर आणि बायकामुले होती. त्यांत बरेचसे आपल्या हिंदुस्थानचेच लोक. हाडे गोठवणारी थंडी, गुडघाभर बर्फ, आणि डोंगरावरून गोळ्यांचा मारा. बहुतेक लोक वाटेतच मेले. काही कैद झाले. 13 जानेवारीला ब्रायडन नावाचा एक जखमी डॉक्टर थकलेल्या घोड्यावरून जलालाबादच्या किल्ल्याशी पोहोचला.

मुंबईची फौज या मोहिमेत सिंधच्या वाटेने गेली होती. तिच्यात आपल्या कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. 1840 साली बलुचिस्तानात काहून येथे मुंबईच्या पाचव्या पलटणीने कित्येक महिने वेढा सोसला. ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत ‘काळी पाचवी’ म्हणून नावाजली.

सिंध आणि अफगाणिस्तान येथे 1838 ते 1843 या काळात जे मेले, त्यांच्या आठवणीसाठी हे चर्च बांधले. म्हणून ते अफगाण चर्च. 1847 साली पाया घातला. 1858 साली ते प्रार्थनेसाठी खुले झाले. उंच मनोरा 1865 साली पुरा झाला. तो 198 फूट आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसावा, असे ठरले होते. मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थाने देणगी दिली. सगळा खर्च साडेपाच लाख रुपयांच्या वर गेला.

इमारतीचा नकाशा हेन्री कोनिबेअर या इंजिनिअराने केला. मुंबईला नळाचे पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही त्यानेच आखली, बरं का.

आता आत जाऊ. नमस्काराला जोडतो तसे दोन्ही तळहात जोडा. बोटांची टोके एकमेकांना लावा आणि मनगटे थोडी दूर करा. झाली कमान! चर्चच्या कमानी अशाच टोकदार आहेत. अशी कमान वरचा भार दोन्ही बाजूंनी खाली उतरवते. म्हणून छत उंच नेता येते. खिडक्यांना रंगीत काचा आहेत. काचेचे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून चित्रे केलेली आहेत. ऊन आले की रंग फरशीवर उतरतात.

भिंतीवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. शिपायांची मात्र नाहीत. ते इतके होते की नावे लिहिणे झाले नाही, असा मजकूर तेथे इंग्रजीत कोरला आहे.

आम्ही साक्षरता वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “साहेबांची नावं लिहिली, आमच्या पोरांची नाही. मग आम्ही ते कशाला जपायचं?”

प्रश्न रास्त आहे. आम्हांला वाटते ते असे. ती भिंत पाडली, तर साहेबांची नावे जातील, आणि शिपायांची नावे लिहिली नव्हती हा पुरावाही जाईल. परक्याच्या लढाईत आपली माणसे कुठवर गेली आणि कशी मेली, हे ती भिंत आजही सांगते. शिवाय त्या दगडांत गवंड्यांची आणि पाथरवटांची मेहनत आहे. त्यांचीही नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. त्यांचे काम तेवढे उरले आहे.

म्हणूनच सरकारने जुन्या इमारतींसाठी नियम केले. मुंबईत असे नियम 1995 साली झाले. त्यांत अफगाण चर्च पहिल्या श्रेणीत आहे. अशी इमारत मनाला येईल तशी पाडता किंवा बदलता येत नाही.

जुनी इमारत जपायची तर दुरुस्तीही जाणून करावी लागते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट थापू नये. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडते आणि दगड झिजतो. पन्हळी पावसाआधी साफ कराव्या. भेगेत पिंपळ उगवला तर तो लहान असतानाच मुळासकट काढावा.

हे सारे आपल्या गावालाही लागू आहे. देवळापाशी किंवा वेशीवर वीरगळ असेल. त्या दगडावर खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. बहुतेकांवर नाव नसते. तोही आपल्याच कुणाचा तरी दगड आहे. कुठे त्यावर धुणे धुतात, कुठे तो पायरीला लावतात. तसे दिसले तर चार जणांनी मिळून तो उचलावा, धुवावा आणि नीट उभा करावा.

आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी आम्हांला विचारले, “आपल्या ओढ्याकाठी तसाच एक दगड पालथा पडलाय. बघायचा का?”

आम्ही सगळेच उठलो.